वाळूचा हौद इतका स्वच्छ कसा?

पत्र:

बाई, माझी मुलगी येत्या नोव्हेंबरात तीन वर्षांची होईल. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, एकत्र कुटुंब आहे. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, मी घरीच शिवणकाम करते. जूनपासून हिला शाळेत घालायचं म्हणून दोन ठिकाणं बघून आलो. एक ताराबाई पार्कच्या बाजूला. नवी इमारत, बाहेर ‘होलिस्टिक, प्ले-बेस्ड’ असा बोर्ड, फी वर्षाला ७२ हजार. मॅडमनी सगळं स्क्रीनवर दाखवलं. वर्गात एसी आहे, वाळूचा हौद आहे, तोही एकदम स्वच्छ, रंगीत झाकणाचा. दुसरी आमच्याच पेठेतली बालवाडी, जुन्या घरात. दोन खोल्या आणि मागं परसदार. फी १५ हजार. तिथल्या ताई म्हणाल्या, आम्ही पहिली दोन वर्षं वही-पेन्सिल देत नाही, चालतंय का बघा. पोरं चिखलात खेळत होती. बाथरूम मात्र अंधारं आहे, आमची आत जायलाच तयार होईना. सासूबाई म्हणतात, ‘पंधरा हजार देऊन पोरगी चिखलात खेळायलाच पाठवायची तर आपली गल्ली काय वाईट हाय?’ शेजारचा सोनू हिच्याच वयाचा, त्याला वन टू हंड्रेड येतं. मिस्टरांना वाटतं, ही खेळतच बसली तर पहिलीत मागं पडेल. होलिस्टिक म्हणजे नक्की बघायचं तरी काय?
एक आई, कोल्हापूर

उत्तर:

तू मला ‘बाई’ म्हटलंस, तेव्हा मीही अहो-जाहोच्या भानगडीत न पडता सरळ ‘तू’वर येते. आणि सुरुवात तुझ्या सासूबाईंपासून करते, कारण अख्ख्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा आहे.

चिखलातच खेळायचं तर गल्ली काय वाईट? काहीच वाईट नव्हती. त्यांच्या लहानपणी गल्लीत जिबली होती, गजगे म्हणजे सागरगोटे होते, बेंदराच्या सणाला मातीचे बैल होते, पंचमीला झोका होता. पंधरा पोरांवर कुणाची ना कुणाची आजी उंबऱ्यात बसून डोळा ठेवायची. धाकट्यांना ‘कच्चं लिंबू’ म्हणून खेळात घ्यायची रीत होती, त्यामुळं तीन वर्षांचं पोर आठ वर्षांच्या पोरांकडं बघून शिकायचं. आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, मधून बुलेट जाते. पोरं घरात, आजी मालिकेत आणि मोबाईल पोराच्या हातात. हे त्यांना तू ऐकवू नकोस, वाटल्यास माझं नाव सांग.

दुसरं म्हणजे, चांगल्या बालवाडीत गल्लीपेक्षा एक माणूस जास्त असतं. खेळाची मांडणी करणारं आणि मग गप बसून बघणारं. समज, परसात चार पोरं चिखलाचा बंधारा घालतायत आणि पाणी सारखं फोडून जातंय. एखादी ताई म्हणेल, कपडे घाण होतायत, चला हात धुवा. दुसरी म्हणेल, अरे असं नाही, इथं दगड लावा, थांबा मी दाखवते. तिसरी काहीच बोलणार नाही. थोड्या वेळानं तिथं दोन विटांचे तुकडे आणि हातभर पाइप आणून ठेवेल आणि बाजूला होईल. दुसऱ्या दिवशी गोल करून बसल्यावर एवढंच विचारेल, ‘काल पाणी कुठनं गेलं?’ मग जो गलका उठतो, त्यात प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायचं असतं, शब्द सापडत नसले की हातवारे होतात, एक म्हणतो खालून गेलं, दुसरी म्हणते वरून. खेळातून शिकणं म्हणतात ते हेच. पोरं मोकळी सोडून ताई फोनवर बोलत बसली तर तो खेळ झाला, पण शाळा झाली नाही. आणि ‘चला आता आपण खेळूया, सांगा ॲपल कुठंय?’ हा तर खेळसुद्धा नाही.

आता बोर्डावरचा शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एक सलग टप्पा मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्याचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यात उपनिषदातले पंचकोश घेऊन शरीर, प्राण, मन, बुद्धी, आनंद हे सगळं मिळून मूल वाढतं, अशी मांडणी केली आहे. तेव्हापासून बोर्ड रंगवणाऱ्यांना बरं काम लागलंय. आम्ही याला सर्वांगीण म्हणायचो. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला, म्हणून आता इंग्रजी आणला. असो. त्या आराखड्यातल्या दोन गोष्टी मात्र तू ध्यानात ठेव. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना नेमलेली पाठ्यपुस्तकं नकोत, आणि शिकवण्याची भाषा होईल तितकी घरची असावी. त्या ७२ हजारांत नर्सरीच्या पुस्तकांचा संच आहे का, त्याची वेगळी पावती आहे का, हे विचारून घे. ‘होलिस्टिक’ बोर्डाखाली सहा पुस्तकं हातात पडली तर बोर्ड विसरायचा आणि पुस्तकं खरी मानायची.

मिस्टरांना हे सगळं परदेशी फॅड वाटत असेल. थोडं परदेशी आहे, नाही कशाला म्हणू. फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थानं १८३७ मध्ये ठोकळे, चेंडू आणि बागकाम घेऊन लहान मुलांची शाळा काढली आणि पुढं तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. आपण त्या बागेचं केजी केलं आणि केजीत बाकं घातली. पण गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. वाडी-पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. इटलीच्या माँटेसरीबाईंचं शिकवायचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, तर शिंपले, बिया, खडे, पानं यांचं साहित्य केलं. आणि आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. ती प्राथमिक शाळा, पण मुलाला अनुभवातून शिकू द्यायचं हे म्हणणं तेच. म्हणजे कोल्हापूरला यात नवीन काही नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज अडीच वर्षांच्या पोरांसाठी आपण प्रवेशाच्या रांगा लावतो. महाराज असते तर त्यांनी दंड उलटा लावला असता, असं मला अधूनमधून वाटतं.

वयाचंही सांगून टाकते. आपल्याकडं ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला प्ले ग्रुपला घेतात, म्हणून नोव्हेंबरातली तुझी लेक नियमात बसते. जूनमध्ये ती दोन वर्षं सात महिन्यांची असेल. नियमात बसते म्हणून पाठवलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीचा दाखला लागत नाही. तुला चांगली जागा मिळाली तर पाठव, नाही तर दिवाळीनंतर बघ, नाही तर पुढच्या जूनला. तीन तासांपेक्षा जास्त मात्र कुठंही ठेवू नकोस.

जागा बघायला प्रवेशाच्या दिवशी जायचं नाही. त्या दिवशी फुगे असतात. एप्रिलअखेरपर्यंत शाळा चालू आहेत, तेवढ्यात एखाद्या साध्या वारी साडेदहाला जा. प्रार्थना उरकलेली असते, डबे अजून उघडलेले नसतात, शाळा असते तशी दिसते. तासभर कोपऱ्यात बसू द्या म्हणायचं. ‘मुलं डिस्टर्ब होतात’ हे उत्तर मिळेल, आणि त्यात तथ्यही आहे. मग खिडकीतून बघते म्हणावं. खिडकीलाही नाही म्हणाले, तर तुझा एक हेलपाटा वाचला.

तू लिहिलंयस, वाळूचा हौद एकदम स्वच्छ, रंगीत झाकणाचा. हे वाक्य मी दोनदा वाचलं. चाळीस पोरं ज्या वाळूत खेळतात, ती वाळू हौदात राहत नाही. ती पायरीवर असते, चपलांत असते, मावशींच्या केरसुणीत असते, एखाद्याच्या पोह्यांतही असते. झाकण असावंच, नाही तर मांजरं घाण करतात. पण ते झाकण आठवड्यातून किती वेळा निघतं हे विचार, आणि मॅडमना नको, मावशींना विचार.

मग भिंती बघ. तीस कागद, तिसांवर तीच सफरचंदं, सगळी लाल, सगळी रेषेच्या आत असतील तर ते काम ताईंचं आहे, पोरांनी फक्त हात लावलाय. त्यापेक्षा नुसत्या रेघोट्या आणि खाली ताईंच्या अक्षरात ‘ही म्हैस आहे, ती गंगावेशीत धारेला उभी आहे’ असं पोराच्या तोंडचं वाक्य लिहिलेलं दिसलं, तर तिथं दोन मिनिटं जास्त थांब. खेळणी पोरांच्या गुडघ्याच्या उंचीवर आहेत की कपाटात कुलपात, हे लगेच कळतं. कान देऊन ऐक, पाच मिनिटांत जास्त कोण बोलतंय, ताई का पोरं. आणि नशीब असेल तर तुझ्यासमोर एखादं भांडण होईल. एक तीनचाकी, दोन पोरं. ‘शेअरिंग इज केअरिंग’ म्हणून गाडी काढून घेतली जाते, का कुणी खाली बसून दोघांचं ऐकून घेतं? मला विचारशील तर शाळेची परीक्षा त्या तीनचाकीपाशीच होते.

माणसं मोज. २०१३ च्या केंद्राच्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागं एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या दहांमागं एक, असं प्रमाण आहे. तुझी लेक तीनच्या आतली. ताई इथं किती वर्षं आहेत, हेही विचार. दर दिवाळीला ताई बदलत असतील तर तिथले एसी काय कामाचे? अडीच वर्षांचं मूल इमारतीत रुळत नाही, माणसात रुळतं.

एखाद्या बोर्डावर ‘माँटेसरी’ दिसलं तर एवढं माहीत असू दे, की तो शब्द कुणीही रंगवू शकतं. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत लहान मुलांची पहिली शाळा काढली, १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धामुळं बरीच वर्षं इथंच राहिल्या. त्यांच्या खऱ्या वर्गात तीन ते सहाची मुलं एकत्र असतात आणि अडीच-तीन तास मधे घंटा वाजत नाही. मूल एकच काम पुन्हा पुन्हा करत बसलं तरी कुणी उठवत नाही. दर अर्ध्या तासाला पिरियड बदलत असेल तर ती माँटेसरी नव्हे. आणि हो, त्या पद्धतीत भातुकलीसारख्या खोट्या-खोट्या खेळाला फारशी जागा नाही, पाणी खरंच ओतायचं, गाजर खरंच कापायचं. मला स्वतःला भातुकलीशिवायची बालवाडी सुनी वाटते, पण हे माझं मत झालं.

आता बाथरूम. तू ते पत्रात एका ओळीत उरकलंस, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या वयाच्या पोरांना शाळेची भीती वाटते म्हणतात, ती पुष्कळदा संडासाची भीती असते. अंधार, उंच पायरी, ओली फरशी, दार लागून बसेल ही धास्ती. मग पोर सकाळपासून पाणी पीत नाही, डबा खात नाही, तीन तास दाबून धरतं, घरी आल्या आल्या चड्डीत करतं आणि त्याचा ओरडा खातं. पुढं बद्धकोष्ठ होतो, आणि घरचे म्हणतात शाळा आवडत नाही. शाळेनं किती कोश घेतलेत ते राहू दे, शू लागल्यावर पोर कुणाला सांगतं, कोण नेतं, कोण धुतं आणि चड्डी ओली झाली तर काय बोललं जातं, ते आधी विचार. ‘अगंबाई, झालं का, चल बदलू’ म्हणणारी मावशी असेल तर तिच्या पगाराएवढी फी मी डोळे झाकून देईन.

म्हणून पेठेतल्या ताईंकडं पुन्हा जा आणि स्पष्ट सांग: बाथरूममध्ये एक दिवा लावा, पायाखाली पाट द्या, दाराची आतली कडी काढा. खर्च पाचशे रुपयांच्या आतला आहे. त्या काय म्हणतात, ते नीट ऐक. ‘इतकी वर्षं पोरं जातातच की’ म्हणाल्या, तर ती वही न देणारी, मातीत खेळवणारी बालवाडीही मनातून काढून टाक. जुनी, साधी, चिखलाची म्हणून चांगलीच असते, असं नाही. चिखलात पोरं आणि ओट्यावर ताई मोबाईलमध्ये, असंही मी पाहिलंय. आणि ताराबाई पार्कच्या मॅडमनी उद्या हौदाचं झाकण काढून दाखवलं आणि आत कालचे ओले बोगदे निघाले, तर हौदाबद्दलचं माझं वरचं म्हणणं मी मागे घेईन.

आता मिस्टरांचं, पहिलीत मागं पडायचं. ही भीती खोटी नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सोनूला शंभरपर्यंत येतं. छान आहे, त्याचं कौतुक कर. पण घरी तुझ्या लेकीसमोर वीस चिंचोके ठेव आणि म्हण, मला तीन दे. सोनूला बोलावून ‘सात दे’ म्हणू नकोस, त्यानं शेजारपणात उगाच वितुष्ट येतं. शंभर म्हणता येणारी कित्येक पोरं सात मागितले की मूठभर देतात, कारण त्यांना शंभर शब्दांचं गाणं पाठ असतं, सात म्हणजे किती ते नसतं. ते कळतं ताटं मांडताना, प्रत्येकाला एक-एक वाटी देताना, जिन्याच्या पायऱ्या चढताना. पहिलीच्या गणिताला लागतं ते हे. तसंच वाचनाचं. ‘पाटी’तला पहिला आवाज कुठला, ‘पाणी’त तोच आहे का, हे कानाला कळलं की ‘प’ ओळखायला फार वेळ लागत नाही. ते कान बडबडगीतांनी आणि गोष्टींनी तयार होतात.

लिहिण्याचं तर शरीराचंच गणित आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती मऊ कूर्चा असते, एकेक करून टणक होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यातली तीन-चारच दिसतात, आठही दिसायला वय नऊ-दहाच्या पुढं जावं लागतं. बोटांचे बारीक स्नायू त्याहून निवांत. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं, असा हात वरून खाली तयार होतो. झाडावर लोंबकळणं, बादली उचलणं, माती तिंबणं, मटार सोलणं हा सगळा लिखाणाचाच अभ्यास आहे.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बालवाडीत होते, नाव सांगत नाही. तपासणी व्हायची म्हणून आम्ही चार वर्षांच्या पोरांचे हात धरून ‘अ’ गिरवून घ्यायचो. कुंभार गल्लीतला एक पोरगा होता, त्याच्या हातात पेन्सिल ठरायची नाही, सारखी मोडायची. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. हो, मारली. पोरगा मला बघितलं की उजवा हात खिशात घालायचा. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात एक मातीचा बैल आणला, वीतभर. बापानं केला असेल म्हणून मी विचारलं, तर त्यानं तिथंच दुसरा करायला घेतला. वशिंड, शेपूट, चिमटीत वळलेली सुईसारखी शिंगं, आणि झाडूच्या काडीनं नाकाला भोक पाडून दोऱ्याची वेसण. वेसण ओवायला त्यानं दोरा जसा धरला होता, पेन्सिल अगदी तशीच धरायची असते. मी मुख्याध्यापिकांना तो बैल दाखवला. त्या म्हणाल्या, छान आहे, पण तपासणीत बैल विचारणार नाहीत.

मिस्टर फाउंड्रीतले आहेत. साच्यात ओल जास्त राहिली आणि वर धातू ओतला तर काय होतं, हे मी त्यांना काय सांगू? वरून कास्टिंग झकास दिसतं, मशीनवर चढवलं की आतली ब्लो होल, म्हणजे पोकळ भोकं, निघतात. घाईनं लिहायला लावलेल्या पोराचंही तसंच. त्यांना एवढं म्हण, बाकी ते समजून घेतील.

तरी व्यवहार सोडून चालणार नाही. तुझ्या लेकीची पुढची शाळा जर पहिलीच्या पहिल्याच आठवड्यात शुद्धलेखन देणारी असेल, तर बालवाडीच्या तिसऱ्या वर्षी ताई अक्षरओळख, पेन्सिल, बसून करायचं काम कसं आणतात, हे आत्ताच विचारून ठेव. ‘पहिली दोन वर्षं वही नाही’ म्हणजे तिसऱ्या वर्षी आहे, असा त्याचा अर्थ आहे. त्यांचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग जाऊन बघ. तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांच्या आया पेठेतच सापडतील, त्यांना दळण टाकायला जाताना गाठ. माहितीपत्रकापेक्षा गिरणीवर खरं कळतं.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. तुझी लेकही घरात ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणत असणार. कोल्हापुरातल्या पोरी म्हणतातच, मी स्वतः अजून चिडले की म्हणते. एखादं पोर तल्लीन होऊन सांगतंय, ‘मी रंकाळ्याला गेलतो, तिथं घोडा होता,’ आणि ताई मधेच, ‘गेलतो नाही, गेले होते म्हण.’ घोडा गेला की पळून! अशी ताई मराठी शाळेत असू दे नाही तर इंग्रजी, लांबच बरी. प्रमाण भाषा ऐकून ऐकून येते. इंग्रजीही येते, पण ज्या भाषेत पोर भांडू शकतं, स्वप्न सांगू शकतं, ती आधी पक्की होऊ दे.

पहिल्या आठवड्याचं: फाटकातून पोर ओढून घेणारी आणि ‘तुम्ही जा, रडून रडून गप होतील’ म्हणणारी शाळा घेऊ नकोस. गप होतात खरी, पण ते गप होणं वेगळं असतं. पहिले तीन-चार दिवस तू आत ओट्यावर बस, मग अर्धा तास बाहेर जाऊन ये, मग तास. जाताना सांगून जायचं, नजर चुकवून पळायचं नाही. तुझं शिवणकाम घरचंच आहे, एवढं जमेल. रिक्षात दहा पोरांबरोबर कोंबून तीन किलोमीटर न्यायचं आणि चालत पाच मिनिटांत पोचायचं, यातला फरक ७२ आणि १५ हजारांच्या हिशेबात दिसत नाही, पण तोही धर. जून ते सप्टेंबर परसदारात पाऊसच असणार, तेव्हा पोरं कुठं खेळतात, पडवी आहे का, तेही बघून ये. वाचलेल्या पैशांत वर्षभर गोष्टीची पुस्तकं आण, तरी पुष्कळ उरतील.

सासूबाईंना मात्र सोबत ने. पटवायला म्हणून नको, बघायला म्हणून. त्यांना त्या परसात बसव आणि ताईंना सांग, या आजींना गजगे येतात. माझा अंदाज आहे, तासाभरानं त्या पोरांत असतील आणि तुला ‘चल की आता’ म्हणावं लागेल. घरीही निवडणं, सोलणं, रांगोळीचे ठिपके काढणं त्यांच्याकडं सोपव, रोज अर्धा तास. ‘शाळेत काय शिकवलं?’ विचारायच्या ऐवजी ‘आज कुणाशी खेळलीस?’ विचारा म्हणावं. त्या दोनदा विसरतील, तिसऱ्यांदा विचारतील.

मिस्टरांची पहिली पाळी नसेल असा दिवस बघून तिघंही जाऊन या. आणि बाथरूममध्ये दिवा लागला का, तेवढं मला कळव.